मी काही कळवलं नाही तर

तुमचा फोन मी अजून रोज चार्जिंगला लावते. तुमच्या अक्का म्हणतात, माणूस गेलं, आता त्या डबड्याला कशाला वीज पाजतेस. मी काही बोलत नाही. बॅटरीची खूण हिरवी झाली की मला बरं वाटतं आणि लाल झाली की मी हातातलं काम टाकून वायर शोधते. बंद पडला तर पुन्हा चालू कसा करायचा ते मला येतं, तुम्हीच शिकवलंत. तरी वाटतं, एकदा बंद पडला तर पुन्हा तसा चालू होणार नाही.

दिवसातून कधीतरी तो टिंग करतो. कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारत असतं. जुनी डिझेल गाडी घेऊ का. सरकारी अर्जाला फोटो लहान करायचा आहे, कुठल्या साइटवर करू. चाकात हवा किती भरू. मी वाचते आणि मग फोन पालथा ठेवते. लगेच पुन्हा सुलटा करते, कारण पालथा ठेवला की वाटतं, तुमचंच तोंड भिंतीकडे केलं.

तुम्ही तुमचे लेख माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत छापून आणायचात, त्या कागदांच्या पाठीवर मी हे लिहिते आहे. पुढच्या बाजूला टायरचं वय कसं ओळखायचं, मागच्या बाजूला मी. कुणाला दाखवायचं नाही. लेकीला, मनीषाला पण नाही. तुम्हाला सांगायचं आहे, आणि सांगायची मला सवय नाही, म्हणून लिहिते. तुमच्या फोनमध्ये बोललं की आपोआप अक्षरं उमटतात, ते तुम्ही मला दाखवलं होतंत. पण त्याच्यासमोर बोलायला मला लाज वाटते. घरात कुणी नसलं तरी वाटते.

आधी ते सांगते ज्याच्यावरून आपलं भांडण राहिलं.

तुमच्या नेटवरच्या पानावर सगळ्यात खाली तुम्ही एक ओळ लिहून ठेवली होती. "गाडीचे फोटो आणि नंबर पाठवा. खोट दिसली तर कळवीन. मी काही कळवलं नाही तर बिनधास्त घ्या." कॉलेजातली नोकरी संपल्यावर तुम्ही ते पान सुरू केलंत, गाड्यांचं आणि नेटवरच्या उपयोगी गोष्टींचं. आधी दोन-चार माणसं वाचायची, ती पण धुळ्यातलीच, आपल्या देवपुरातली. मग शिरपूर, शहादा, पाचोरा, कुठून कुठून विचारायला लागली. तुम्ही प्रत्येकाला उत्तर द्यायचात. अंगठा सुजला. मी तेल चोळायची आणि तुम्ही दुसऱ्या हाताने टाइप करायचात. मग तुम्ही ही युक्ती काढलीत. वाईट असेल तरच लिहायचं, बरं असेल तर गप्प राहायचं.

मी म्हटलं, "गप्प राहिलं म्हणजे होकार, असं कुठे असतं?"

तुम्ही हसलात. "तुझ्याच घरी असतं. दोंडाईच्याला तुला बघायला आलो होतो, तुझ्या बाबांनी विचारलं, कमल, पसंत आहे का? तू काही बोलली का? नाही. झालं का लग्न? झालं."

मी पोळपाटाकडे बघत राहिले. तुम्हाला वाटलं, तुम्ही जिंकलात.

मला आणखी बोलायचं होतं. ते पुढे सांगते. आधी जळगावचं सांगू द्या, नाहीतर माझा धीर जाईल.

माझ्या डोळ्याच्या तपासणीसाठी आपण जळगावला निघालो होतो. आपली जुनी गाडी तुम्ही आदल्या संध्याकाळीच पुसून ठेवली होती. पारोळ्याच्या पुढे कापूस वेचायला बायका लागलेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, जाता जाता शिंदखेड्याच्या नानांची गाडी बघून घेऊ. हे नाना कोण, तर पानावर ओळख झालेले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी तुम्हाला नाही. त्यांची मुलगी दोंडाईच्याजवळच्या शाळेत शिकवायला जाते, लहान लेकराला घेऊन एसटीने ये-जा करते, तिच्यासाठी गाडी घ्यायची. त्यांनी स्वतः जाऊन पाहिली, आवडली, तुमच्याकडे फोटो पाठवले आणि लिहिलं, आबा, तुमच्या नजरेखालून जाऊ द्या, शनिवारी घेणार आहे.

जळगावच्या बाहेर, मोकळ्या जागेत जुन्या गाड्या ओळीने लावल्या होत्या. चुना मारलेले दगड, वर पताका, लग्नाला मांडव घालावा तसं. पांढरी गाडी होती. इतकी स्वच्छ की मला आपल्या गाडीची लाज वाटली. विकणारा तरुण होता, गोड बोलायचा. म्हणाला, "काकू, बसून बघा. सोफा आहे सोफा." मी बसले. आत अत्तराचा वास इतका की डोकं दुखायला लागलं. तुम्ही म्हणालात, "एवढं अत्तर लग्नातसुद्धा लावत नाहीत." त्याला वाटलं, तुम्ही कौतुक केलं.

मग तुम्ही पुढच्या सीटचा पट्टा हळूहळू बाहेर ओढायला लागलात. लोक ओढतात तेवढा नाही, अगदी शेवटपर्यंत, जो भाग कधी बाहेर येत नाही तिथपर्यंत. शेवटी शेवटी तो मातकट झाला. आडवी सरळ रेघ, वर काळा पट्टा, खाली गाळाचा रंग. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पण बघितलं. तुम्ही पट्टा सोडला, तो सर्रकन आत गेला. तुम्ही फोटो काढलेत, सीटखालचा गंज बघितलात, विकणाऱ्याला रामराम केलात आणि आपण निघालो.

परत येताना एरंडोलला भरीत-पुरी खाल्ली. तुम्ही म्हणालात, "ही गाडी कुठल्या तरी पुरात बुडालेली आहे. पाणी सीटच्या वरपर्यंत होतं. बाहेरून कितीही चमकू दे, आतल्या वायरी कुजत जातात. एक दिवस पोर लेकराला घेऊन हमरस्त्यावर असेल आणि गाडी मधेच मेली, मागून ट्रक, तर?"

मी म्हटलं, "मग आत्ता फोन करा त्यांना."

"फोनवर सांगितलेलं माणूस विसरतो, लिहिलेलं राहतं. तो पोऱ्या पुन्हा गोड बोलेल आणि नानांचं मन फिरेल. लिहून पाठवतो, फोटोसकट. पट्ट्याचा फोटो बघितला की वाद संपला. फोटो फार मोठे आहेत, लहान करून घेतो. उद्या."

"बोलून टाका ना."

"तू सांगतेस बोलून टाका," तुम्ही म्हणालात आणि भरताचा घास तोंडात असतानाच हसलात. "तू, जी दुधवाल्याला पण माझ्याकडून निरोप देते."

मी पण हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला होता. त्यापुढचं मला लिहायचं नाही. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात.

मग घर माणसांनी भरलं आणि मी आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, अक्कांच्या शेजारी. तुमच्या मोठ्या बहिणीसमोर मी लग्न झाल्यापासून कधी मान वर केली नाही, आता कुठून करणार. दारावर माणसं येत होती. पुरुष ओट्यावर बसायचे, बायका आत. प्रत्येक बाई आली की रडायचं, गेली की थांबायचं. गंधमुक्ती होऊन सुतक सुटेपर्यंत मी उंबरा ओलांडायचा नाही, कुणा परक्याशी बोलायचं नाही. हे मला नवं नव्हतं. मी आयुष्यभर तशीच राहिले. या वेळी कुणाला माझं गप्प बसणं खटकलं नाही, उलट सगळ्या म्हणाल्या, बिचारी दगड झाली.

तुमचा फोन मी माझ्याजवळ ठेवला, पदराखाली. मनीषा येऊन परत नाशिकला गेली, तिच्या मुलाची परीक्षा होती. जाताना म्हणाली, "आई, बाबांचा फोन बंद करून ठेव, तुला त्रास होईल." मी मान हलवली. तिलाही वाटलं, मी हो म्हटलं.

तुमच्या फोनला कुलूप नव्हतं. पानावर लोकांना सांगायचात, पासवर्ड असा ठेवा, तसा ठेवा, जन्मतारीख ठेवू नका. स्वतःचा उघडा, कारण मला लक्षात राहणार नाही म्हणून. मी म्हणायची, लोकांना शहाणपण सांगता आणि घरचं दार उघडं. तुम्ही म्हणायचात, चोर आला तर त्याला टायरचे फोटो मिळतील, खूश होईल.

शनिवारी सकाळी टिंग वाजलं. इतके दिवस मी वाचत नव्हते, नुसतं चार्जिंगला लावत होते. त्या दिवशी का वाचलं, सांगता येत नाही. नानांचं होतं.

"आबा, रामराम. तुमचं काही आलं नाही, म्हणजे गाडी बरी आहे असं समजलो. आज जळगावला जाऊन घेऊन येतो. पोरगी लई खूश आहे. तुमचा शब्द म्हणजे आम्हाला देवाचा शब्द."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही गप्प होतात, आणि तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्हीच आधी लिहून ठेवला होता. कुणाला काय माहीत की हे गप्प राहणं वेगळं आहे. तुमच्या नावाचा श्रद्धांजलीचा फलक आपल्या गल्लीच्या तोंडाशी लावला होता, शिंदखेड्याला कोण तो वाचणार.

मला त्या पोरीचा चेहरा माहीत नाही. तरी मला ती दिसायला लागली. शाळा सुटली आहे, लेकरू मागच्या सीटवर झोपलं आहे, आणि तो अत्तराचा वास. आणि आपण दोघांनी बघितलेली ती रेघ, आत गुंडाळून बसलेली.

मी मनीषाला फोन लावला. तिने उचलला नाही, कामावर असणार. मग मी नानांना लिहायला घेतलं. ग, काना, डी. "गाडी घेऊ नका." एवढंच. पाठवलं आणि बघत बसले. एकच खूण आली, दुसरी येईना. तुम्ही शिकवलं होतंत, एक खूण म्हणजे गेलं, दोन म्हणजे पोचलं. पोचलंच नाही. रस्त्यात रेंज नसेल, नेट बंद असेल. मी बराच वेळ त्या एका खुणेकडे बघत राहिले. आणि एरंडोलचं आठवलं. लिहिलेलं राहतं, तुम्ही म्हणाला होतात. राहतं खरं. पण अहो, पोचायला पण पाहिजे ना.

फोनच करायचा होता. ते मला कळत होतं आणि माझ्याने होत नव्हतं. मी परक्या माणसाशी फोनवर कधी बोलले आहे? तुमचा फोन वाजला की मी तो अंगणात आणून द्यायची, हॅलोसुद्धा म्हणायची नाही. बँकेतल्या बाईने माझं नाव विचारलं तर तुम्ही सांगायचात. आणि आता ओट्यावर पुरुष बसलेले, शेजारी अक्का, घरात सुतक, आणि मी मोठ्याने गाडीचं बोलायचं.

लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

अक्कांनी बघितलं. "कोनले लावस?"

मी म्हटलं, "शिंदखेड्याच्या एका माणसाला."

"काय वं कमल. दारवर मानसं बठेल शेतस, आनि तू परका मानूससंगे फोनवर बोलस? भाऊनं सुतक शे, तुले समजस का?"

समजत होतं. मी फोन खाली ठेवला. खरंच ठेवला. थोडा वेळ ठेवूनच बसले. अक्कांनी माझ्या पाठीवर हात फिरवला, त्यांना वाटलं, ऐकलं. त्या वाईट नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ गेला आहे.

मग मी फोन उचलून पुन्हा लावला.

या वेळी उचलला. मागे गाड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं. "बोला आबा," नाना म्हणाले. "आत्तेच तुमनं नाव काढं. उभाच शे गाडीजोडे."

तुमचं नाव त्यांच्या फोनवर आलं असणार. तुम्हीच बोलणार म्हणून ते थांबले. माझ्या तोंडून आवाज निघेना. "आबा? हॅलो? आयकू येत नही. मोठ्याने बोला."

मी उभी राहिले. बसून माझा आवाज निघत नव्हता.

"मी आबा नही," मी म्हटलं. "मी त्यासनी घरवाली."

"हां वहिनी, बोला. आबा कोठे शेतस?"

"आबा गयात."

"कोठे गयात?"

मला ते पुन्हा सांगावं लागलं. पहिल्यांदाच मी ते कुणाला स्वतःच्या तोंडाने सांगत होते. इतके दिवस दुसऱ्यांनीच सांगितलं होतं, मी नुसती बसले होते. "वारले, नाना. ते आता नाहीत. म्हणून त्यांनी काही कळवलं नाही. गाडी बरी आहे म्हणून नाही. ती गाडी लेऊ नका. ती पानीमा बुडेल शे."

पलीकडून विकणाऱ्याचा आवाज आला, तोच गोड. "काय झालं काका? कोण आहे?"

"वहिनी," नाना हळू म्हणाले, "तुम्हाले कसं माहीत?"

"मी होते त्यांच्यासंगे. तुम्ही पुढच्या सीटचा पट्टा ओढा. शेवटपर्यंत ओढा. अर्धा नाही, बठ्ठा."

दार उघडल्याचा आवाज आला. विकणारा म्हणत होता, "काका, पट्टा काय बघता, इंजिन बघा." मग पट्ट्याची सरसर. ती सरसर मला इथे, धुळ्याला, आतल्या खोलीत ऐकू आली. आणि मग नाना म्हणाले, "शे. रेघ शे."

"काका, ती शेतकऱ्याची गाडी होती, चिखल लागतोच."

"भाऊ, चिखल काय फूटपट्टी लाईसन लागस का?" नाना त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "आबास्नं काही उनं नही, म्हनीसन मी समजनू, गाडी बरी शे. वहिनी, मी त्यासले कधी देखं बी नही."

मी म्हटलं, "घरी जा. पोरीला सांगा, दुसरी बघू." बघू म्हटलं. कोण बघणार, ते मला माहीत नाही.

फोन ठेवला तेव्हा कळलं की ओट्यावर सगळे गप्प झाले आहेत. माझा आवाज बाहेरपर्यंत गेला होता. समोरच्या घरातले आप्पा, इतकी वर्षं रोज सकाळी तुमच्याशी गप्पा मारणारे, दारातून डोकं आत घालून अक्कांना म्हणाले, "वहिनीचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला." मग स्वतःच ओशाळले आणि बाहेर जाऊन बसले.

अक्कांनी विचारलं, "कोनी पोर शे ती?" मी म्हटलं, नानांची. त्यांनी मान हलवली आणि मला पाणी आणून दिलं. सुतकात त्यांनी उठून मला पाणी दिलं.

तुम्ही असतात तर यावर एक आख्खा लेख लिहिला असतात. आणि मला वाचून दाखवला असतात. किती वर्षं तुम्ही ते केलंत. मी भाकरी थापत असायची, तुम्ही उंबऱ्यावर बसून वाचायचात. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, नेटमधलं तर नाहीच. वाचता वाचता तुम्ही माझ्या हाताकडे बघायचात. माझा हात चालू असला की तुम्ही पुढे जायचात. हात थांबला की तुम्ही थांबायचात. "काय वं, काबरं थांबनी?" मी म्हणायची, काही नाही. तुम्ही ते काही नाही ऐकायचातच नाही, वाक्य खोडायचात आणि दुसरं लिहायचात. हात पुन्हा चालू झाला की खूश. "तुले समजनं म्हंजे बठ्ठा खान्देशले समजनं." लोक तुमच्या साध्या भाषेचं कौतुक करायचे. तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत की ती भाकरीच्या पिठात तपासलेली असते. मी सांगू दिलं नाही.

चौथीनंतर मला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. तुम्ही दाखवलंत. त्याबद्दल मी तुम्हाला एकदासुद्धा बरं म्हटलं नाही. मला वाटायचं, हात चालू आहे, तुम्हाला कळत असेल.

आता ते दोंडाईच्याचं. तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

त्या दिवशी मी गप्प होते, तो होकार नव्हता. नकारही नव्हता. मला काही वाटतच नव्हतं, फक्त भीती वाटत होती. तुम्ही कोण, धुळे कसं, तुमची बहीण किती कडक, काही माहीत नव्हतं. माझं बघणं पाटाभोवतीच्या रांगोळीच्या पुढे गेलं नाही. तुम्हाला लग्नानंतर कित्येक वर्षं मी घाबरतच होते. तुम्ही रागावत नव्हतात, तरी.

होकार मी नंतर दिला. कधी, ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला आपण निघालो होतो. फोनमधला नकाशा तेव्हा नवाच आला होता आणि तुमचा त्याच्यावर भारी जीव. त्यातली बाई म्हणाली, डावीकडे वळा, तुम्ही वळलात. पुन्हा डावीकडे, पुन्हा वळलात. गाडी शेतात, दोन्हीकडे कपाशी, पुढे बांध. बाई म्हणत होती, सरळ जा. तुम्ही उतरलात, बांधाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत.

"तुला रस्ता माहीत होता?"

"हो. माझंच गाव आहे इकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्या बाईचं ऐकत होतात," मी म्हटलं.

तुम्ही हसायला लागलात. चष्मा काढून पुसावा लागला इतके हसलात. बॉनेटला टेकून, बोंडांमध्ये उभे राहून, लग्नाचे कडक कपडे घालून. रागावला नाहीत. वेळ गेला, मुहूर्त गेला, जेवायला मिळालं तेवढंच. त्या बांधापाशी मी मनात हो म्हटलं. मी काही बोलले नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुमच्या नियमाने बघितलं तर तुम्ही ते आधीच धरून चालला होतात. पण खरं तिथे होतं. हे लिहिलेलं तरी पोचावं.

मला आता फार भीती वाटते. रात्री झोप लागते, पण दिवसा टिंग वाजलं की दचकते. पानावर विचारणारे आणखी किती जण आहेत ज्यांना तुमच्याकडून काही आलं नाही आणि जे बिनधास्त गाडी घेऊन मोकळे झाले? कुणाची खराब असेल? त्यांना कोण सांगणार? मी एकेक जुना निरोप वाचते. माझं वाचणं सावकाश. जिथे तुम्ही उत्तर दिलं नाही तिथे मी थांबते आणि मला कळत नाही, हे गाडी बरी म्हणून दिलं नाही की द्यायच्या आधी तुम्ही गेलात. तारखा बघते. शेवटच्या आठवड्यातल्या प्रत्येकाला मी फोन केला. "मी आबांची घरवाली बोलतेय," एवढं म्हणायला आता कमी वेळ लागतो. एका बाईची गाडी घेऊन झाली होती. मी तिला पट्टा ओढायला सांगितलं. काळा निघाला, शेवटपर्यंत.

मनीषाला मी सांगितलं, बाबांच्या पानावर सगळ्यात खाली जी ओळ आहे ती काढ. ती म्हणाली, "आई, राहू दे ना, बाबांची आठवण आहे." मी म्हटलं, नाही. मनीषाला मी नाही म्हटलेलं तिला आठवत नसेल. तिने विचारलं, मग तिथे काय लिहू? मी सांगितलं, "आबा गेले. इथून काही कळवलं नाही, तर होकार समजू नका." तिने तसंच टाकलं. मग फोनवर ती रडली, मी पण रडले. दारावरची माणसं येऊन रडवून गेली तेव्हा जे खरं रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

फोन चार्जिंगला लावला आहे. खूण हिरवी आहे. बाहेर आपली गाडी उभी आहे, तिच्यावर धूळ बसली आहे, मी फडकं मारीन.

तुमची ती ओळ लोकांसाठी मी काढून टाकली. माझ्यापुरती ठेवली आहे. तुम्ही गेल्यापासून तिकडून काही कळवलं नाहीत. एक टिंगसुद्धा नाही. मी रोज बघते. आणि मग स्वतःला सांगते, खोट असती तर यांनी कळवलं असतं.